एका वेळी एकच काम कसं करावं

एका सकाळी मी खर्चाचा तक्ता जुळवत बसलो होतो. साठेक ओळी असतील. तिसाच्या पुढे कुठेतरी असताना मेसेज वाजला. सहज बघितला, दोन ओळींचं उत्तर दिलं, मग त्या उत्तराला उत्तर आलं. परत तक्त्याकडे वळलो तर शेवटची तपासलेली ओळ कोणती हेच आठवेना. पहिल्यापासून सुरुवात केली, तेवढ्यात फोन. त्या दिवशी तोच तक्ता मी तीनदा जुळवला आणि संध्याकाळी पाठवला तो मागच्या महिन्याचा! एक ना धड, भाराभर चिंध्या.

आपल्यात चिकाटी कमी आहे, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, गोची होते ती एका कामातून उठून दुसऱ्यात शिरताना, त्या सांध्यावर. दिवसभर एकाच कामात बुडून राहायची चैन फार थोड्यांना परवडते. कामं पाच असली तरी चालतील, सांधे मात्र मोजके आणि पक्के हवेत. ते कसं साधायचं, ते पुढे.

आधी स्वतःवर एक प्रयोग

कागद, पेन आणि सेकंद मोजणारं घड्याळ घ्या. एका ओळीत 'क' पासून 'न' पर्यंतची वीस अक्षरं लिहा (ङ आणि ञ धरून), त्याखाली १ ते २० आकडे. किती वेळ लागला ते टिपून ठेवा. आता दुसऱ्या कागदावर तेच, पण आलटून पालटून: वर क, खाली १, वर ख, खाली २. लिहायचं तेवढंच आहे, तरी वेळ वाढतो. ठ-ड च्या आसपास हात थबकतो, कारण आता अक्षराची पाळी की आकड्याची, आणि आकडा कितवा, हे दरवेळी नव्यानं आठवावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी अशा अदलाबदलीत जाणारा वेळ १९२७ मध्येच मोजला होता. रुबिनस्टाइन, मायर आणि एव्हान्स यांच्या २००१ मधल्या प्रयोगांत असंही दिसलं, की कामाचे नियम जितके किचकट, तितका बदलताना जाणारा वेळ जास्त.

"मला जमतं बुवा दोन्ही एकदम," असं म्हणणारे भेटतातच. तशी माणसं असतात, पण किती? वॉटसन आणि स्ट्रेयर या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २०० जणांना आभासी गाडी चालवता चालवता फोनवर शब्द लक्षात ठेवायला आणि छोटी गणितं सोडवायला लावलं. दोन्हींत कुठेही घसरण झाली नाही असे निघाले अडीच टक्के, म्हणजे पाच जण. मी उरलेल्या १९५ मधला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चालता चालता गाणी ऐकणं वेगळं; तिथे पायांना डोकं लागत नाही. दोन्हीकडे डोकं लागत असेल तर एकाचं नुकसान ठरलेलं.

पायरी १: काम निवडा, ढीग नको

'अहवाल' हे काम नव्हे, तो ढीग आहे. 'अहवालातला तिसरा तक्ता जुळवणे' हे काम. एका बैठकीत संपेल आणि संपलं हे डोळ्यांना दिसेल, एवढा तुकडा तोडा. तो एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी समोर ठेवा. हे पोरकट वाटेल, पण अर्ध्या तासानं आपण भलतीकडे भरकटलेलो असतो तेव्हा परत आणते ती हीच.

पायरी २: टेबल आणि पडदा रिकामा करा

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तो पालथा घालून शेजारी ठेवणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. कॉम्प्युटरवर लागेल तेवढीच खिडकी उघडी ठेवा, सूचना बंद. झालं, यात फार वेळ घालवू नका. टेबल आवरण्यात तासभर रमणारे लोक मी पाहिलेत. तेही काम टाळणंच.

पायरी ३: 'हातासरशी'पासून सावध

काम तुटल्याचा दोष आपण इतरांना देतो. पण कार्यालयातल्या व्यत्ययांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या ग्लोरिया मार्क यांना आढळलं, की माणसं जवळपास तितक्याच वेळा स्वतःच स्वतःचं काम तोडतात. माझ्याकडे याची सुरुवात ठरावीक शब्दानं होते: हातासरशी. हातासरशी ते बिल भरून टाकू. हातासरशी त्याला कळवून टाकू. बिल भरायला गेलेला माणूस पाऊण तासानं हवामानाचा अंदाज वाचताना सापडतो.

उपाय साधा आहे. उजव्या हाताला एक कोरा कागद ठेवा. डोक्यात काहीही आलं की तीन शब्दांत तिथे उतरवा आणि परत कामावर या. ते मनातून निघून कागदावर गेलं की सतावायचं बरंच कमी होतं. दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकून टाका, असा एक लोकप्रिय सल्ला आहे. साठलेल्या ईमेल निपटताना तो उत्तम, बैठकीच्या मध्यात मात्र तोच घात करतो.

पायरी ४: वेळ बांधा, पण वेळेचे गुलाम होऊ नका

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती, ही 'पोमोदोरो' पद्धत फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना शोधली. त्यांच्याकडचं स्वयंपाकघरातलं गजर लावायचं घड्याळ टोमॅटोच्या आकाराचं होतं. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात. टाळत आलेल्या कंटाळवाण्या कामाला ही पद्धत छान, कारण २५ मिनिटं कोणीही सोसू शकतो. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला मला ती तोकडी पडते. तंद्री लागेपर्यंतच पंधरा मिनिटं जातात, मग दहा मिनिटांत गजर! तिथे मी पन्नास मिनिटं धरतो, आणि हात चालत असेल तर गजर बंद करून पुढे जातो.

पायरी ५: उठताना चिठ्ठी लिहा

बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की पहिलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे बिघडतं. आपण मीटिंगमध्ये बसलेलो असतो, मन तक्त्याच्या ३५व्या ओळीवर. पुढे २०१८ मध्ये लेरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी त्यावर उतारा तपासला: उठण्याआधी कुठपर्यंत आलो आणि परतल्यावर काय करायचं, हे थोडक्यात टिपून ठेवणं. ज्यांनी ते केलं, त्यांचं मन मागे कमी रेंगाळलं.

चिठ्ठी कशी लिहायची, याला महत्त्व आहे. 'तक्ता पूर्ण करणे' ही चिठ्ठी निरुपयोगी; ते आपल्याला ठाऊकच असतं. माझी परवाची चिठ्ठी अशी होती: '३४ पर्यंत जुळलं. ३५ ची रक्कम दोनदा धरली असावी, मूळ पावती बघ. मग फक्त बेरीज.' परत आलो तेव्हा विचार करायची गरजच पडली नाही, थेट पावती काढली. चिठ्ठीतलं पहिलं पाऊल हातानं करण्याजोगं हवं: बघ, उघड, अमक्याला विचार, मोज. 'ठरव' असं लिहिलंत तर परतल्यावर तिथेच अडकून बसाल.

याला वीस सेकंद लागतात. दारात कोणी उभं असलं तरी "एवढं टिपून घेतो, मग बोलू" म्हणा, कोणी रागावत नाही. फोन वाजत असला तरी दोन रिंगांत तीन शब्द होतात.

पायरी ६: ज्यांच्या वेळेवर दुसऱ्यांचा ताबा आहे त्यांनी

घरात लहान मूल आहे किंवा लोकांच्या तक्रारी घ्यायचंच काम आहे, तर वरच्या निम्म्या पायऱ्या गैरलागू. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, असं त्यांना सांगणं म्हणजे थट्टाच. मार्क यांच्या २००८ मधल्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण ताण, चिडचिड आणि घाईची भावना जास्त होती. म्हणजे असा दिवस निभतो, पण माणूस पिळून निघतो. त्यांनी तुकडे आणखी बारीक करावेत, दहा मिनिटांचे, आणि पाचवी पायरी घट्ट धरावी. सहकाऱ्यांशी बोलून दिवसात एक तरी अर्धा तास राखून घेता आला तर पाहावं.

पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच बैठक ठेवा. समोरच्या चिठ्ठीवर, काम सोडून दुसरीकडे गेलात की प्रत्येक वेळी एक रेघ मारा. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर पन्नास मिनिटांत अकरा रेघा होत्या, त्यातल्या दोनच फोनमुळे.