फायबरवर काम करताना: आधी मीटर, मग हात

घराघरांत ब्रॉडबँड पोचवणाऱ्या जीपॉन लाइनमध्ये (एकाच फायबरवरून अनेक घरे जोडणारी पद्धत) ऑपरेटरकडून घराकडे १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून परत १३१० नॅनोमीटरचा लेझर धावतो. सोबत केबल टीव्ही असेल तर १५५० चा. तिन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. प्रखर उजेड पडला की पापणी आपोआप मिटते, ती सोयही इथे नाही. म्हणून पॅच कॉर्डच्या (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या फायबरच्या) टोकात डोकावून "लाइट येतेय का" पाहू नका. फोनचा कॅमेराही कामाचा नाही, त्याला या तरंगलांबी दिसत नाहीत.

सुरुवात पॉवर मीटरने, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राने करा. टोक स्वतःपासून आणि शेजारच्यापासून लांब धरा, मीटरवर योग्य तरंगलांबी निवडा, आकडा वाचा. तो डीबीएममध्ये असतो: ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, आणि दर १० डीबीला दसपट. ग्राहकाच्या घरी उणे २० च्या आसपास मिळते, म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग. केबल टीव्हीच्या ईडीएफएच्या (प्रकाशाची ताकद वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या) तोंडाशी मात्र २० डीबीएम, म्हणजे तब्बल १०० मिलिवॅट असू शकतात. दोन्ही कनेक्टर दिसायला सारखेच! ईडीएफए चालू असताना त्याचा कनेक्टर काढूच नये. आधी आउटपुट बंद करा, कोणी परत चालू करू नये म्हणून बटणाशी चिठ्ठी लावा, मग हात घाला.

कनेक्टर स्वच्छ आहे का हे पाहायला डोळ्याला लावायचा मायक्रोस्कोप माझ्या मते सर्वांत धोक्याचा, कारण त्याची भिंगे सगळा प्रकाश थेट बाहुलीत सोडतात. पडद्यावर चित्र दाखवणारा स्कोप घ्या. मोकळ्या पोर्टांना टोपणे लावा. फॉल्ट शोधायचा लाल लाइटचा पेनही लेझरच आहे, तो कोणाच्या तोंडाकडे धरू नका.

आता वीज. एक्स्चेंज किंवा टॉवरच्या रॅकला बहुधा उणे ४८ व्होल्ट डीसी असते. शॉक क्वचित लागतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण बॅटरी बँक शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहू शकतात आणि बोटातली अंगठी तापून लाल होते. अंगठी, कडे, घड्याळ आधी काढून ठेवा. इथे प्लस अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे मायनस टर्मिनलवरचा पाना रॅकच्या पत्र्याला टेकला तरी शॉर्ट होतो. इन्सुलेशन असलेलाच पाना वापरा. मेन स्विच पाडला तरी बॅटरी रॅकला पुरवठा देतच राहते, म्हणून बॅटरीचा ब्रेकरही पाडा आणि मल्टीमीटरने खात्री करा.

खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची लोखंडी तार असते. ती विजेच्या तारेला घासत असेल तर तिच्यातही करंट येतो. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग तारेला लावा. पेटला तर शिडीवरून खाली उतरा आणि महावितरणला कळवा.

स्प्लाइसिंगला, म्हणजे फायबरची दोन टोके विजेच्या ठिणगीने (आर्कने) वितळवून जोडताना, चष्मा घाला. आर्कजवळ अल्कोहोलची बाटली उघडी नको. क्लिव्हरने (फायबर कापायच्या हत्याराने) कापलेले काचेचे तुकडे चिमट्याने झाकणाच्या डबीत टाका, टेबलावर चिकटपट्टी फिरवा, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. तुकडा डोळ्यात गेला तर चोळू नका. लेझर डोळ्यात गेल्याची शंका असेल तर दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि तरंगलांबी, पॉवर कागदावर लिहून न्या.