कंट्रोलरचे सेल आणि चार्जिंग स्टँड

एक्सबॉक्सच्या वायरलेस कंट्रोलरला दोन डबल-ए सेल लागतात. दर वेळी नवे अल्कलाइन सेल आणण्यापेक्षा निकेल-मेटल हायड्राइडचे चार रिचार्जेबल सेल घ्या: दोन कंट्रोलरमध्ये, दोन चार्ज करून तयार. ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ प्रकारचेच बघा. साधे सेल नुसते पडूनही बरेच उतरतात. जोडीवर मार्करने खूण करा, कारण जुना-नवा सेल एकत्र घातला की कमजोर सेल आधी संपतो आणि लवकर खराब होतो.

हे सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. रिचार्जेबल सेलचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर राहतं आणि शेवटी एकदम घसरतं. त्यामुळे स्क्रीनवरच्या बॅटरीच्या खुणेवर फार विसंबू नका.

स्टँड घेताना कंट्रोलरचं मॉडेल जुळतंय ना, एवढं पाहा. ठेवूनही चार्जिंगचा दिवा लागत नसेल तर स्टँड फेकायची घाई नको. पिना आणि कंट्रोलरवरच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसा, मग कंट्रोलर थोडा दाबून बसवा. बहुतेकदा हाताच्या घामाचा थरच आड आलेला असतो.

प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये बॅटरी आतच असते, तिथे सेलची भानगड नाही. तो महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर साधारण अर्धा चार्ज ठेवून कपाटात टाका.