इंग्लंडमध्ये शरियतप्रमाणे मृत्युपत्र करताना

भारतात मुसलमानाच्या वारसाहक्काला, शेतजमीन सोडून, १९३७चा शरियत कायदा लागतो. त्यामुळे कोकणातून इंग्लंडला गेलेली माणसं तिथेही तसंच होईल असं धरून चालतात. तसं होत नाही. मृत्युपत्र नसेल आणि जोडीदार व मुलं दोन्ही असतील, तर इंग्लंडच्या कायद्याने कायदेशीर जोडीदाराला घरगुती सामान, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचा अर्धा भाग मिळतो. बाकी मुलांत सारखं वाटतात. मुलं असतील तर आईवडिलांना काहीच नाही. आणि इंग्लंडमध्येच नुसता निकाह झालेली, नोंदणी नसलेली बायको या हिशेबात बायको धरलीच जात नाही.

मृत्युपत्रात क्रम असा ठेवा: दफनाचा खर्च, मग कर्ज (न दिलेला मेहर, म्हणजे निकाहात बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, हेही कर्जच; आकडा लिहा), मग वारस नसलेल्यांसाठी जास्तीत जास्त एक तृतीयांशाची वसीयत (मृत्युपत्राने दिलेली देणगी), मग वारसांचे हिस्से. मजहब, म्हणजे शाफई, हनफी अशी आपली शरियतची शाखा, नक्की लिहा. द्यायची राहिलेली जकात (सक्तीचं वार्षिक दान) शाफईंमध्ये कर्जासारखी सगळ्या मालमत्तेतून निघते. हनफींमध्ये वसीयत केली असेल तरच, तीही त्या तृतीयांशातून. कोकणी घरं बहुतेक शाफई, पण जवळची मशीद हनफी असली की इथेच घोळ होतो.

नावापुढे टक्के लिहून ठेवू नका. बायको, आई, एक मुलगा, एक मुलगी असतील तर ७२ भागांपैकी अनुक्रमे ९, १२, ३४, १७. पण आई आधी गेली किंवा आणखी एक मूल झालं की सगळे आकडे बदलतात. म्हणून ‘मृत्यूसमयी हयात असलेले वारस’ असं लिहा आणि हिस्से कोणत्या शरियत-जाणकाराच्या दाखल्याने ठरवायचे तेही नमूद करा.

सही दोन साक्षीदारांसमोर, दोघं एकाच वेळी हजर असताना करा. वारस किंवा त्याचा नवरा-बायको साक्षीदार नको: जावयाने सही केली तर मृत्युपत्र टिकतं, मुलीचा हिस्सा मात्र बुडतो. निकाहानंतर मृत्युपत्र केलं आणि सरकारी नोंदणीचं लग्न पुढे केलं, तर त्या लग्नाने मृत्युपत्र रद्द होतं. त्याच लग्नाचा उल्लेख करून केलेलं असेल तरच वाचतं.

घर ‘जॉइंट टेनन्सी’त, म्हणजे वेगळे हिस्से नसलेल्या सामाईक मालकीत, असेल तर ते मृत्युपत्राबाहेरच, थेट दुसऱ्या मालकाकडे जातं. सहमालकाला लेखी नोटीस देऊन ‘टेनन्सी इन कॉमन’ (प्रत्येकाचा वेगळा हिस्सा) करा आणि लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे जमीन-घर नोंदणी कार्यालयाकडे, त्यासाठीचा एसईव्ही (SEV) अर्ज द्या. पेन्शनचं नामनिर्देशनही वेगळं भरावं लागतं.

वारसा कर (इनहेरिटन्स टॅक्स) पण बघा. कायदेशीर जोडीदाराला दिलेलं सहसा करमुक्त, इतरांना गेलेल्यावर साधारण ३,२५,००० पौंडांच्या वर ४० टक्के. बायकोला फक्त अष्टमांश दिला की कर वाढू शकतो.

मूळ प्रतीला क्लिप लावू नका, स्टेपल काढू नका. एखादं पान गेलं की काय, अशी शंका प्रोबेटवाले (मृत्युपत्र मंजूर करणारं कार्यालय) घेतात.