छाप्याच्या आधी आणि नंतर : अमली पदार्थविरोधी कामात येणाऱ्यांसाठी कोल्हापुरातील अनुभव

समाजकार्याचे किंवा कायद्याचे शिक्षण घेणारी जी मुले-मुली आमच्याकडे क्षेत्रकार्यासाठी येतात, त्यांतील बहुतेकांच्या डोक्यात या कामाचे चित्र म्हणजे छापा. छापा हे पोलिसांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहिलेले बरे. नागरी संस्थांच्या वाट्याला येते ते छाप्याच्या आधीचे आणि नंतरचे काम. ते वर्तमानपत्रात छापून येत नाही, पण गिऱ्हाईक तुटले नाही आणि साक्षीदार टिकला नाही, तर पकडलेल्या माणसाच्या जागी दुसरा उभा राहायला वेळ लागत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी जिल्ह्याचा नकाशा समोर घेऊन बसावे. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या दारातून जातो, गोव्याची दारू घाटांतून वर चढते आणि महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असलेला गुटखा कर्नाटकच्या हद्दीतून येत राहतो. वाटा तयार असल्या की त्यावरून जाणारा माल बदलतो, एवढेच. नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत छापा टाकला, तेव्हा एमडी म्हणजे मेफेड्रोन हा रासायनिक अमली पदार्थ आपल्याच जिल्ह्यातल्या एका फार्महाऊसवर बनत असल्याचे उघड झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावरच्या पुणे पोलिसांच्या कारवाईचे धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आले. एमडीला शेत लागत नाही. रसायने, आडबाजूची शेड आणि चौकशी न करणारा जागामालक पुरेसा असतो. म्हणून खेड्यात गेल्यावर केवळ शाळेत व्याख्यान देऊन परत येऊ नये. ग्रामपंचायतीत बसून कोणाची शेड कोणाला भाड्याने दिली आहे, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का, हे विचारावे. आपली जागा अशा कामासाठी वापरली जात आहे हे माहीत असून ती वापरू देणारा मालकही एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 25 खाली आरोपी होतो, हे सांगितले की बैठकीतली चुळबूज थांबते.

शहरातले काम तालमीशिवाय होत नाही. पेठांतल्या तालीम मंडळांचा शब्द जेवढा चालतो, तेवढा आमच्यासारख्या संस्थांचा कधीच चालणार नाही. व्यायामशाळांत सध्या मेफेंटरमाईनच्या इंजेक्शनचा जो प्रश्न आहे, तो पुस्तकात सापडणार नाही. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर डॉक्टरांनी वापरायचे हे औषध आहे. काही पोरे ते व्यायामापूर्वी टोचून घेतात, कारण दम लागत नाही आणि अंगात जोर आल्यासारखा वाटतो. हे औषध एनडीपीएस कायद्यात येत नाही, त्यामुळे कारवाई औषधविषयक कायद्यातून आणि फौजदारी कलमांतून करावी लागते, आणि विकणारे नेमक्या याच फटीचा फायदा घेतात. अशा ठिकाणी थेट पोरांसमोर भाषण ठोकू नये. आधी वस्तादांना भेटावे. एका तालमीत वस्तादांनी आमचे सगळे ऐकून घेतले, काही बोलले नाहीत, उठून कपडे बदलायच्या खोलीतली फळी झाडली आणि सापडलेल्या सिरिंज सगळ्या पोरांसमोर कुस्तीच्या हौद्याच्या काठावर मांडल्या. त्यानंतर आम्हाला बोलायला फारसे काही उरले नव्हते.

कायद्याचा अभ्यास मात्र टाळता येणार नाही. 1985 चा एनडीपीएस कायदा संपूर्ण पाठ असण्याची गरज नाही, पण ज्यावर शिक्षा ठरते तो प्रमाणांचा तक्ता डोक्यात हवा. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण वीस किलोच्या पुढे धरले जाते. मेफेड्रोनसाठी हेच आकडे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि जामिनाच्या अटी अतिशय कडक आहेत. दुसऱ्या टोकाला कलम 64अ आहे. व्यसनी व्यक्तीवर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि ती स्वतःहून सरकारी अथवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला आली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. पालकांना हे ठाऊक नसते. “पोरगं तसं न्हाई ओ माझं, संगतीनं बिघडलं, पोलिसात तर जाणार न्हाई न्हवं?” असे विचारणारी आई समोर बसली की आधी तिच्या पोलिसांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. पोरगं कसं आहे यावर वाद घालून काही साधत नाही.

उपचारासाठी कुठे पाठवायचे, यातही डोळे उघडे ठेवावेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी दाखवत नाही, नातेवाइकांना भेटू देत नाही आणि डॉक्टर कधी येतात ते सांगत नाही, अशा केंद्राचा पत्ता आपल्या वहीत असता कामा नये. टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास, सुरू झाल्यावर रुग्णाचे अंग मोडते, झोप उडते, तो शिव्याही देतो. त्या वेळी बांधून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थेत जमल्यास काही दिवस राहून यावे. तिथे बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते होतात, आणि वर्गात शिकवलेले समुपदेशन त्यांच्यासमोर किती कोरडे वाटते ते कळते.

आता पंचांविषयी, कारण या विषयावर नवख्यांशी कोणी बोलत नाही. जप्तीच्या वेळी परिसरातील दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून हव्यात, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात शटर खाली ओढली जातात, लोक मागल्या दाराने निघून जातात, आणि पोलिसांना मग नेहमीचाच कोणीतरी धरून आणावा लागतो. पंचासमोर काट्यावर माल तोलला जातो, पाकिटावर लाखेचे सील लागते, चिठ्ठीवर त्याची सही होते. काही वर्षांनी तीच सही साक्षीच्या पिंजऱ्यात ओळखायची असते, आणि तेव्हा बचाव पक्षाचे वकील विचारतात की काटा कोणी आणला होता, पाकीट तुमच्यासमोर बंद केले का, कागद वाचून सही केली की नुसतीच केली. पंच डगमगला किंवा फितूर झाला की सरकार पक्षाची बाजू लंगडी पडते. 1 जुलै 2024 पासून झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे, तरी माणसाची साक्ष संपलेली नाही. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, महिला बचत गटांच्या अध्यक्ष यांना पंच म्हणून उभे राहण्यास तयार करणे आणि तारखेच्या दिवशी त्यांच्यासोबत कोर्टात जाऊन बसणे हे माझ्या मते संघटित गुन्हेगारीविरुद्ध नागरिकांच्या हातातले सर्वांत मोठे काम आहे. पंचाला त्याच्या साक्षीत काय बोलायचे हे मात्र चुकूनही पढवू नये. त्याने पाहिले तेवढेच त्याने सांगायचे असते.

माहिती मिळाली तर ती 1933 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर द्यावी आणि गप्प बसावे. पाठलाग करणे, मोबाइलवर फोटो काढणे, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकणे यातून तपास बिघडतो आणि त्या गल्लीत राहणारा आपलाच कार्यकर्ता अडचणीत येतो. व्यसनमुक्तीच्या कामासाठी 14446 हा वेगळा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक एकाच फलकावर लिहू नयेत, कारण उपचार मागणाऱ्याला दोन्ही पोलिसांचेच वाटतात. समुपदेशनात रुग्णाने विक्रेत्याचे नाव घेतले, तर ते त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. एकदा समुपदेशनाची खोली खबऱ्याची झाली, की पुन्हा कोणी येत नाही.

26 जून हा अमली पदार्थविरोधी दिन आणि राजर्षी शाहू महाराजांची जयंती. कोल्हापुरात त्या दिवशी वेगळी फेरी काढण्याच्या फंदात पडू नये. दसरा चौकात गर्दी आपोआप असते, तिथे एक टेबल मांडावे. वर्षभराचा पाठपुरावा मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अमली पदार्थविषयक समन्वय समितीकडे लेखी करावा. तोंडी तक्रारीचा इतिवृत्तात मागमूस राहत नाही.

मानधन तुटपुंजे असते आणि अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, हे घरी आधीच सांगून ठेवावे. पहिले वर्ष समुपदेशनाच्या खोलीत काढावे, दुसऱ्या वर्षी कोर्टाच्या तारखांना जावे आणि त्यानंतर एनडीपीएसच्या खटल्यांकडे वळायचे, धोरणाकडे की पुनर्वसनाकडे, ते ठरवावे. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात सुरू झाले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना जामीन आणि अपिलांचे युक्तिवाद ऐकण्यासाठी आता रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागत नाही.