झेड-इंडेक्स ९९९९ लिहिण्याआधी: सीएसएसमधल्या या चुका टाळा

पॉपअप हेडरच्या मागे दडतो. आपण झेड-इंडेक्स (कोणता घटक कोणाच्या वर दिसेल हे सांगणारा, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधला आकडा) १० देतो, मग १००, शेवटी ९९९९. तो काही वर येत नाही. अशा वेळी आकडा वाढवणं सोडा आणि पॉपअप ज्या घटकांच्या आत आहे, ते एकेक करून ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचे घटक तपासायच्या साधनात) बघा. एखाद्यावर ट्रान्सफॉर्म (घटक हलवणं, फिरवणं) असेल किंवा ओपॅसिटी (अपारदर्शकता) १ पेक्षा कमी असेल, तर तिथे नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे वर-खाली रचनेचा वेगळा गट, तयार होतो. मग तुमचे ९९९९ त्या घटकाच्या आतच मोजले जातात. हेडरशी सामना होतो तो बाहेरच्या घटकाचा. पॉपअपचं मार्कअप बॉडीच्या शेवटी हलवा, किंवा एचटीएमएलचा डायलॉग एलिमेंट वापरून तो जावास्क्रिप्टच्या शो-मोडलने उघडा. तो थेट टॉप लेयरमध्ये, म्हणजे पानातल्या सगळ्यांच्या वरच्या थरात, जातो, मग झेड-इंडेक्सची गरजच उरत नाही.

डेव्हलपर अडतात ते इथेच, असं माझं मत आहे. इतर कोड चुकला की एरर येते. सीएसएसमधली चुकीची ओळ मात्र ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि बरोबर ओळीचा परिणामही आजूबाजूच्या घटकांवर ठरतो. कारण सापडत नाही, म्हणून आपण हे लावून बघ, ते काढून बघ करत राहतो.

फ्लेक्सबॉक्समध्येही (घटक रांगेत मांडायच्या पद्धतीत) असंच फसायला होतं. फोटोशेजारी लांबलचक ईमेल पत्ता आला की कार्ड फाटल्यासारखं दिसतं. घाईत ओव्हरफ्लो हिडन लावलं तर पत्ताच कापला जातो, आणि वाचणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. फ्लेक्स आयटमची (रांगेतल्या घटकाची) मिन-विड्थ, म्हणजे किमान रुंदी, मुळात ऑटो असते, त्यामुळे तो आतल्या न तुटणाऱ्या मजकुरापेक्षा लहान होत नाही. मिन-विड्थ ० करा, सोबत ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड द्या, म्हणजे लांब शब्द मोडून पुढच्या ओळीत जातो.

इम्पॉर्टंट (बाकीच्या नियमांवर मात करायला लावणारा शब्द) शक्यतो नकोच. एक आयडी सिलेक्टर (एकाच घटकाला त्याच्या खास नावाने निवडणारा) कितीही क्लासना (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावांना) भारी पडतो, तेव्हा स्टाइलिंग क्लासवरच ठेवा. कोणत्या नियमांचा गट कोणावर मात करेल हे ठरवायला २०२२ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये कॅस्केड लेयर्सही आहेत.

राहिलं दिसणं. फिकट राखाडी अक्षरं देखणी वाटतात, पण वाचताना डोळे ताणावे लागतात. साध्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. अंतरंही अंदाजाने १३, १७, २२ पिक्सेल देऊ नका; ४, ८, १६, २४, ३२ अशी ठरावीक मापं व्हेरिएबलमध्ये ठेवा. शीर्षकाच्या वर आणि खाली सारखीच जागा सोडली, तर ते नेमकं कोणत्या परिच्छेदाचं हे डोळ्यांना कळत नाही. वर ३२ आणि खाली ८ देऊन बघा.