स्ट्रेचरवरून कॉटवर घेताना कंबर सांभाळा

साताऱ्यात रुग्णवाहिकेवर नवीन लागलेल्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात: गुडघ्यात वाक, पाठ सरळ ठेव. बरोबरच आहे. पण तेवढ्यावर कंबर वाचत नाही. १०८ वर आपण दोघंच, डॉक्टर आणि चालक. बाकीचे हात नातेवाइकांचे. घाटातल्या अपघातात किंवा उसाच्या ट्रॉलीपाशी सगळे सावध असतात. घात होतो तो कॅज्युअल्टीत, "आता पोचलोच" म्हणत पेशंट कॉटवर घेताना.

तिथे काय होतं ते नीट बघा. पलीकडचा माणूस कॉटवर ओणवा होतो, हात लांब करून चादर ओढतो आणि ओढता ओढता कमरेतून वळतो. वजन पोटाशी धरलं तर मणक्यावर येतो त्याच्या कितीतरी जास्त भार हात लांबवल्यावर येतो. त्यात पीळ पडला की मणक्यांमधली गादी दुखावते. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या हिशेबाने अगदी सोयीच्या स्थितीतही एकट्याने २३ किलोपर्यंतच उचलावं, आणि पेशंट असेल तर साधारण १६. सत्तर किलोचा माणूस दोघांनी उचलला तर वाट्याला ३५ येतात. म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं.

स्ट्रेचर कॉटला चिकटवा, मध्ये फट नको. दोन्हीकडचे ब्रेक लावा. कॉटचा ब्रेक चालत नसेल तर एकाने मांडीने रेटून धरायची. स्ट्रेचर बोटभर उंच ठेवा. पेशंटचे हात छातीवर. चादरीच्या कडा गुंडाळत त्याच्या अंगाला भिडेपर्यंत आणा आणि मुठी खांद्यापाशी व कुल्ल्यापाशी धरा. लोंबता पदर धरून ओढलं की हात लांबलेच. चादरीखाली जाड गुळगुळीत प्लास्टिक सरकवलं तर निम्मा त्रास वाचतो. एक पाय पुढे, एक मागे. हाताने खेचू नका, अंगाचा भार मागच्या पायावर न्या. आधी स्ट्रेचरच्या कडेपर्यंत, थांबा, पकड बदला, मग कॉटवर. घाई करायला लावणारे भेटतील. लावू देत.

"एक, दोन, तीन" म्हणताना तीनवर की तीननंतर, हे आधी ठरवा. हुकूम एकट्याने द्यायचा, डोक्याकडच्याने. नातेवाइकांना दंडाला धरून जागेवर उभं करा; नुसतं "जरा धरा हो" म्हटलं की चौघं एकाच बाजूला येतात.

चिमणपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, खुर्ची लागते. जिन्याची खुर्ची नसेल तर लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लास्टिकची तिरकी झाली की पाय फाकतात. पेशंटला छातीशी आणि मांड्यांशी चादरीने बांधा, हातही आत घ्या, नाहीतर मधल्या पायरीवर तो घाबरून कठडा पकडतो आणि सगळा हिसका तुमच्या कमरेला बसतो. खालच्याच्या पाठीला तिसऱ्याने हात लावून पायऱ्या मोजाव्यात. पेशंट हातातून निसटायला लागला तर झेलू नका, अंगाशी धरून खाली बसवा.

कंबरपट्ट्यावर विसंबू नका. निरोगी माणसाची इजा त्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायोशनेच १९९४ मध्ये सांगितलंय. "पट्टा आवळ आणि उचल" म्हणणारा सीनियर कितीही जुना असो, त्याचं ऐकू नका. जो आधी खोली बघतो, वाटेतला स्टूल बाजूला करतो, त्याच्या हाताखाली शिका.

आणखी एक. पाटणच्या एखाद्या वाडीपर्यंत तासभर बसून गेलात तर उतरल्या उतरल्या ओझ्याला हात घालू नका. दाराशी उभं राहून कमरेवर हात ठेवा, चार-पाचदा मागे वाका.

कंबर भरलीच तर घाबरू नका. बहुतेकांची काही आठवड्यांत सुटते. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा, आणि त्या दिवसांत नोकरी सोडायचा विचार तर अजिबात नको. मात्र कळ पायात उतरून पाऊल लटकं पडायला लागलं, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर ड्यूटी संपायची वाट बघू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा.