टर्कीच्या बॉक्स कॉलसाठी लाकूड कसं निवडावं

अमेरिकेत वसंतात टर्की या पक्ष्याच्या शिकारीला लाकडी बॉक्स कॉल वापरतात. वरून उघडी, लांबट पेटी आणि तिच्या कडांवर घासायचं झाकण, एवढंच ते यंत्र. या घासण्यातून नराला जवळ बोलावणारा, मादीसारखा आवाज निघतो, त्यामुळे सगळी मदार लाकडावर. पेटीला पॉप्लर, सीडार किंवा बटरनटसारखं हलकं लाकूड आणि झाकणाला अक्रोड किंवा चेरीसारखं जड, ही जोडी नवख्याने डोळे झाकून घ्यावी. महागडी रंगीत लाकडं दिसतात झकास, पण रूपावरून आवाज कळत नाही.

फळी सरळ रेषांची, बिनगाठीची हवी. दोन बोटांत सैल धरून टिचकी मारा. बद्द वाजली तर बाजूला ठेवा.

खरी गोम ओलीची. ताजं लाकूड उघड्या हवेत वाळायला ढोबळमानाने दर इंच जाडीमागे एक वर्ष लागतं. तोवर टोकांना मेण लावून ठेवा, नाहीतर चिरा पडतात. मग ते घरात आणून दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या. ओल मोजायचं मीटर असेल तर ६ ते ८ टक्के ओल उत्तम.

पेटीच्या बाजू आधी साधारण ३ मिलिमीटरवर आणा, पुढे जरा जरा तासत, मध्येच वाजवून बघत चला. एकदा जास्त तासलं की परत भर घालता येत नाही! घासणाऱ्या कडांना आणि झाकणाच्या खालच्या बाजूला वॉर्निश, तेल, अगदी बोटांचा घामसुद्धा लागू देऊ नका. तिथे फक्त बिनतेलाचा, बिनमेणाचा खडू.